होसकोटे ते तंजावर : चार भाऊ आणि मागे राहिलेली मराठी

बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या जुन्या मद्रास रस्त्यावर होसकोटे लागते. 'होस कोटे' म्हणजे नवा कोट. सुगटूरच्या तम्मेगौडा नावाच्या पाळेगाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो वसविला. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हा मुलूख घेतला आणि बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे यांच्याबरोबर होसकोटेही शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी वाचकाला हा तपशील शिवचरित्राची प्रस्तावना म्हणून परिचित असतो. या जहागिरीत भाषांचे आणि गाण्याचे काय झाले, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

आज बंगळुरातील तरुणांचे वाद्यवृंद विजेवर चालणारी वाद्ये घेऊन दोन-दोन, तीन-तीन भाषांत गातात. रघु दीक्षित यांच्या वृंदाने कानडी, हिंदी आणि इंग्रजी गाणी एकाच मंचावर आणली आणि एकोणिसाव्या शतकातील शिशुनाळ शरीफ यांची पदे गिटारच्या साथीने गायिली. याकडे नवलाने पाहिले जाते. पण परके वाद्य हाती घेऊन अनेक भाषांत गाणे ही गोष्ट या भूमीत नवी नाही. तिचा एक जुना धागा शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारापासून निघतो, आणि तो धागा मराठीच्या दृष्टीने काहीसा बोचरा आहे.

त्या दरबारात नाशिककडील जयराम पिंड्ये हा कवी आला. राजाच्या पुढे त्याने बारा नारळ ठेवले, कारण बारा भाषांत कविता करण्याचे त्याचे सामर्थ्य होते. त्याचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले. त्यातील पहिले दहा उल्लास संस्कृतात आहेत; अकराव्यात मात्र दरबारातील कवी आपापल्या भाषांत शहाजीराजांची स्तुती करतात, आणि संस्कृत, प्राकृत, गुर्जर, पंजाबी, हिंदुस्थानी, यावनी, कानडी अशा भाषा एकाच सभेत बोलू लागतात. राजवाड्यांनी या ग्रंथाला दीर्घ प्रस्तावना लिहिली. इतिहाससंशोधक म्हणून त्यांचे लक्ष स्वाभाविकच शहाजीच्या कर्तृत्वाकडे गेले. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. अशा सभेतील रचना कोणत्या भाषेच्या इतिहासात नोंदवायची? मराठीचा इतिहासकार त्यातली मराठी तेवढी वेचतो, कानडीचा कानडी तेवढी. आणि सभा म्हणून जी काही वस्तू होती ती दोघांच्याही हातून निसटते.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले. बंगळूर पुढे १६८७ मध्ये म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. दरबार कावेरीकाठी हलला आणि बहुभाषिकतेची सवयही त्याच्याबरोबर गेली. व्यंकोजींचा मुलगा शाहराज याने १६८४ ते १७१२ या काळात तेलुगू यक्षगाने रचली, मराठी नाटके लिहिली आणि 'पंचभाषाविलास' या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी या पाच भाषा एकत्र आणल्या. जयरामाच्या सभेत अनेक कवी आणि अनेक भाषा होत्या. येथे एकाच रचनेत पाच भाषा नांदू लागल्या. हा फरक लहान नाही. भाषा आता केवळ पांडित्याच्या प्रदर्शनासाठी उरली नव्हती, ती पात्राच्या मुखात गेली होती.

या परंपरेचा कळस दुसऱ्या सरफोजींच्या कारकिर्दीत (१७९८–१८३२) झाला. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजाच्या हाती किल्ला व लगतचा थोडा भाग एवढेच उरले. ज्याला राज्य करावयाचे नाही अशा राजाने ग्रंथ, वैद्यक आणि संगीत यांत मन घातले. त्याने पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंद बाळगला. 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी गेय नाटकात तर एक कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री, जगाचा भूगोल गाऊन सांगते. तमिळ लोकनाट्याचा घाट, मराठी भाषा आणि युरोपीय भूगोल यांचा असा संगम आपल्या वाङ्मयात दुसरा आढळणे कठीण. तरीही मराठी नाटकाच्या इतिहासात त्याला बहुधा एका वाक्याची जागा मिळते.

याच दरबारात चार भाऊ होते : चिन्नय्या (जन्म १८०२), पोन्नय्या (१८०४), शिवानंदम (१८०८) आणि वडिवेलू (१८१०). नट्टुवनारांच्या, म्हणजे नृत्य शिकविणाऱ्या व त्याचे संचालन करणाऱ्या कलावंतांच्या घराण्यात ते जन्मले. वडील सुब्बरायन हेही नट्टुवनार होते. चौघांनी मुत्तुस्वामी दीक्षितांकडे संगीताचे शिक्षण घेतले. दीक्षितांनी स्वतः इंग्रजी वाद्यवृंदाच्या चालींवर संस्कृत शब्द बसवून चाळीसच्या आसपास 'नोट्टुस्वर' रचना केल्या होत्या. तेव्हा परक्या स्वरांविषयी अढी न बाळगण्याचा संस्कार या भावांना गुरुगृहीच मिळाला असावा. त्यांच्या रचना मुख्यतः तेलुगूत व तमिळमध्ये आहेत. स्तुती मराठी राजाची, भाषा तेलुगू, गाणाऱ्यांचे घर तमिळ. आणि यात कोणालाही काही विसंगत वाटले नाही.

वडिवेलूचे नाव व्हायोलिनशी कायमचे जोडले गेले. तो हे वाद्य श्वार्ट्झ या मिशनऱ्याकडून शिकला असे परंपरा सांगते; पण श्वार्ट्झ १७९८ मध्येच निवर्तला आणि वडिवेलू जन्मला १८१० साली. ही आख्यायिका मग आली कोठून? सरफोजींवर श्वार्ट्झचे पितृवत् छत्र होते, आणि तंजावरात जे जे युरोपीय ते ते श्वार्ट्झकडून आले असे पुढील पिढ्यांना वाटणे साहजिक होते. व्हायोलिन रुजविण्याचे श्रेय मुत्तुस्वामींचे बंधू बालुस्वामी दीक्षित यांनाही दिले जाते, तर सरफोजींच्या दरबारातील वराहप्पय्यर यांचेही नाव त्या संदर्भात घेतले जाते. पहिला कोण हा वाद फारसा फलदायी नाही. हे वाद्य आले आणि त्याची बैठक बदलली, हे खरे महत्त्वाचे. युरोपात उभे राहून हनुवटीखाली धरायचे वाद्य येथे मांडी घालून, त्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजू लागले. तारा षड्ज-पंचमात लावल्या गेल्या. आणि डावा हात मोकळा झाल्यामुळे बोट तारेवरून घसरवून गमक काढणे शक्य झाले. वाद्य परके राहिले, वाणी देशी झाली.

राजाशी बेबनाव झाल्याने भावांनी तंजावर सोडले असे सांगतात. ते त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या आश्रयास गेले. महाराज स्वतः अनेक भाषांत रचना करीत. त्यांच्या दरबारी तंजावरहून आलेले मराठी कीर्तनकार मेरुस्वामीही होते. होसकोट्याच्या जहागिरीतून निघालेली वाट अशी मलबारपर्यंत पोहोचली होती. महाराजांनी १८३४ मध्ये वडिवेलूला हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. मोहिनीअट्टमच्या घडणीतही त्याचा वाटा मानला जातो. वडिवेलूला आयुष्य मात्र थोडे लाभले. चिन्नय्या म्हैसूरला तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांच्या दरबारात गेला आणि नृत्याभिनयावर त्याने तेलुगूत ग्रंथ लिहिला. व्यंकोजींच्या हातून बंगळूर ज्या वोडेयर घराण्याकडे गेले, त्याच घराण्याने तंजावरच्या मराठी दरबारात वाढलेल्या कलावंताला आसरा दिला. पोन्नय्या आणि शिवानंदम तंजावरला परतले. सरफोजींच्या मागून गादीवर आलेल्या शिवाजीराजांच्या पदरी ते राहिले.

अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना या आजच्या भरतनाट्यम्‌च्या क्रमाचे श्रेय परंपरा या चौघांना देते. येथे एका मराठी ग्रंथाची साक्ष काढली पाहिजे. सरफोजींच्या नावावर असलेल्या 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' या संग्रहात नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. एकच कथावस्तू घेऊन अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना अशा अनेक अंगांतून ती उलगडत नेणे ही निरूपणाची रीत. नावे जवळजवळ तीच आहेत. भावांनी राजाकडून घेतले की राजाने भावांकडून, हे ठरविण्याचा आग्रह धरू नये. ती एकाच कार्यशाळेतली कामे होत. परंतु तेलुगू आणि तमिळ रचना नर्तकींच्या पायांत राहिल्या आणि मराठी निरूपणे सरस्वती महालाच्या पोथ्यांत राहिली.

असे का झाले? राजभाषेचा आश्रय संपला हे उत्तर पुरेसे नाही. १८५५ मध्ये शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि संस्थान गेले. तो आघात तेलुगू रचनांवरही झालाच. पण तेलुगू-तमिळ रचनांना शिकविणारी घराणी होती. भावांच्या वंशात पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै (१८६९–१९५४) यांच्यासारखे गुरू झाले, आणि त्यांच्या शिष्यांनी हा ठेवा देवळांतून व वाड्यांतून नाट्यगृहांत आणला. मराठी निरूपणांना राजा होता, घराणे नव्हते. मराठी समीक्षेने या निरूपणांकडे भाषेचे नमुने म्हणून पाहिले, भाषेतील तमिळ छटांवर टिपणे केली, आणि ती नाचण्यासाठी रचली होती हे ती जवळजवळ विसरून गेली. हा दोष आपल्या वाङ्मयेतिहासाच्या पद्धतीचाच आहे : छापील पानावर जे पुरते उरत नाही त्याला आपण दुय्यम ठरवितो.

ताफे मात्र फिरत राहिले. १८८० मध्ये तंजावरच्या राजकन्येचा विवाह सयाजीराव गायकवाडांशी झाला आणि तिच्यामागून नर्तकी, नट्टुवनार व वादक बडोद्याला आले. मराठी राज्यकर्त्यांच्या दुसऱ्या दरबारात तंजावरचे नृत्य रुजले. तेथेही मराठी निरूपणे पुढे आली नाहीत.

ती पुढे आली ती मुंबईत, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आचार्य पार्वतीकुमार यांनी सरफोजींची निरूपणे अभ्यासून ती पुन्हा नृत्यात बसविली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रंगमंचावर नाचून दाखविली आणि पुढे त्या तंजावरला किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या. किट्टप्पा पिळ्ळै (१९१३–१९९९) हे त्या चार भावांच्याच घराण्यातले.