दक्षिणी टकला शराटी
शराटी पक्षी सहसा पाणथळ जागी दिसतात. मात्र दक्षिणी टकला शराटी दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि एस्वातिनी या देशांतील उंच गवताळ प्रदेशात राहतो. १७८३ मध्ये बोडार्ट यांनी त्याचे शास्त्रीय नामकरण केले. १८३२ मध्ये वाग्लर यांनी स्थापन केलेल्या ‘जेरॉन्टिकस’ प्रजातीत आज त्याचा समावेश होतो. ‘वृद्ध पुरुष’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले हे नाव त्याच्या पिसेविरहित डोक्याला साजेसे आहे. पूर्वी करकोच्यांच्या गणात मोडणारे शराटी कुल आता पेलिकनच्या गणात समाविष्ट केले जाते.

हा पक्षी कड्यांवर घरटी बांधतो आणि आखूड वा जळलेल्या गवतात कीटक टिपतो. शेती, वनलागवड आणि खाणींमुळे गवताळ प्रदेश घटत असल्याने त्याचे अस्तित्व असुरक्षित मानले जाते. या प्रजातीत उत्तरी टकला शराटी ही एकच अन्य जाती असल्याने त्याचे संवर्धन विशेष महत्त्वाचे ठरते.