रजोनिवृत्ती : एक संज्ञा आणि तिच्याबाहेर राहिलेली लक्षणे

वैद्यकातील संज्ञा ही केवळ ओळखीची खूण नसते. कोणती तक्रार ऐकून घ्यावयाची आणि कोणती सोडून द्यावयाची, याचा निर्णय पुष्कळदा तीच करीत असते. ‘रजोनिवृत्ती’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात रजोदर्शनाचे वय बारा व रजःक्षयाचे वय पन्नास वर्षे सांगितले असून, हा क्षय जरेचा स्वाभाविक परिणाम मानला आहे. युरोपात शार्ल द गार्दान या फ्रेंच वैद्याने १८१६ मध्ये ‘महिना’ व ‘विराम’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ‘मेनेस्पोझी’ ही संज्ञा घडविली. १८२१ मध्ये तिला ‘मेनोपोझ’ हे आटोपशीर रूप मिळाले. मराठीतील ‘रजोनिवृत्ती’, ‘ऋतुनिवृत्ती’ आणि घरगुती बोलण्यातील ‘पाळी जाणे’ या शब्दांची घडणही अशीच आहे. हे सारे शब्द एका घटनेचे, म्हणजे स्राव थांबण्याचे, नाव सांगतात. त्या घटनेपूर्वीच्या काही वर्षांचे नाव त्यांत नाही. शिवाय आजच्या व्याख्येनुसार बारा महिने पाळी आली नाही म्हणजेच रजोनिवृत्ती झाली असे ठरते. अर्थात ही संज्ञा लागू होते ती मागाहून.

लक्षणांच्या याद्यांचाही इतिहास असाच आहे. १९५३ मध्ये ब्लाट, वीसबाडर व कुपरमन यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेली सूची पुढे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तीत अकरा लक्षणे होती. अंगात उसळणाऱ्या उष्णतेच्या लाटांना चार गुणांचे वजन होते, सांधे व स्नायूंच्या वेदनेला एकाच गुणाचे. विस्मरण, योनीचा कोरडेपणा आणि मूत्रमार्गाच्या तक्रारी यांना सूचीत स्थानच नव्हते. या शेवटच्या दोहोंना एकत्र बांधणारी संज्ञा वैद्यकाने स्वीकारली ती २०१४ मध्ये.

येथे प्रस्तुत लेखिकेचा अनुभव पुरावा म्हणून नव्हे, उदाहरण म्हणून नोंदविते. चव्वेचाळिसाव्या वर्षी, पाळी नियमित असताना, वर्गात समास शिकविताना ‘विग्रह’ हा शब्द जिभेवर येईना. डावा खांदा आखडला. पहाटे तीनला जाग येऊ लागली. खांद्यासाठी एक डॉक्टर झाले, झोपेसाठी दुसरे. विस्मरणाला ‘कामाचा ताण’ हे उत्तर मिळाले. अंगात लाटा नव्हत्या आणि पाळी चालू होती. त्यामुळे तिन्ही तक्रारी एकत्र मांडता येतील असे नावच कोणापाशी नव्हते.

अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासातून २००९ मध्ये असे निष्पन्न झाले की, या संक्रमणकाळात सरावाने व्हावी तितकी शिकण्यातील प्रगती होत नाही, परंतु तो काळ ओलांडल्यावर ती पूर्ववत होते. आपली बुद्धीच जाते की काय, या भीतीने रात्र काढणाऱ्या स्त्रीला हा निष्कर्ष किती मोलाचा आहे, हे सांगणे नलगे.

जपानी भाषेतील ‘कोनेन्की’ हा शब्द येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. त्याचे घटक ‘पालट’, ‘वर्ष’ व ‘काळ’ असे आहेत; तो घटनेचा नव्हे, कालखंडाचा वाचक आहे. मार्गारेट लॉक यांच्या १९९३ च्या ग्रंथात असे दिसते की, जपानी स्त्रिया उष्णतेच्या लाटांपेक्षा खांदे आखडल्याचा उल्लेख कितीतरी अधिक करीत. या भेदाचे सारे श्रेय शब्दाला देता येणार नाही. आहार व शरीरधर्म यांचाही त्यात वाटा असू शकेल. तथापि विस्तृत अर्थाच्या शब्दात खांद्याच्या दुखण्यालाही जागा मिळते, एवढे निश्चित.

मराठीत ‘रजोनिवृत्तिपूर्व काळ’ असा शब्दप्रयोग आढळतो. पण तोही त्या अंतिम घटनेवरूनच मोजलेला आहे. ‘रजःसंक्रमण’ अशी स्वतंत्र संज्ञा रूढ करण्याचा विचार व्हावा. संज्ञेने वेदना शमत नाही, हे खरे; परंतु ‘पाळी गेली का?’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्यास तेवढेच उत्तर मिळावयाचे, आणि उरलेली वर्षे नोंदीबाहेरच राहावयाची.