पाइल प्रबलन, दरडप्रवण उतारांचे
घसरू पाहणाऱ्या उतारात छिद्रे पाडून, त्यांत लोखंडी सळया व सिमेंट भरून केलेल्या खांबांनी (पाइल) वरचा सैल थर खालच्या अभंग खडकाशी जखडण्याचे तंत्र. रायगड जिल्ह्यात बेसाल्टवर (पहा : बेसाल्ट) झिजलेल्या खडकाचा व मातीचा थर असतो, मुसळधार पावसात पाणी त्याच्या तळाशी साचते, दाब वाढतो, घर्षण घटते. जुई व दासगाव (२००५), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) येथील दरडी (पहा : भूमिपात) अशाच पावसाच्या, जुलैतल्या. पाइल घसरपृष्ठ (ज्यावरून वरचा थर सरकतो ते) ओलांडून खडकात रुतली तरच उपयोगी. मातीतच संपलेली दरडीबरोबर वाहून जाते. नुसता निचरा पुरतो, हा आक्षेप काही उतारांपुरता खरा. पण निचऱ्याचे चर गाळाने बुजले की धरून ठेवणारे काही लागतेच. पाइलने पाण्याचा दाब मात्र उतरत नाही, म्हणून निचरानळ्याही हव्यात. माथ्यावरून सुटलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्यापुढे पायथ्याच्या पाइल तोकड्या पडतात; अशा वस्तीचे पुनर्वसन हाच अधिक सुरक्षित पर्याय.