शेवटचा सैनिक कोण? अमेरिकन यादवी युद्धातील तोतये आणि कागदपत्रांची साक्ष

१/१०
डिसेंबर १९५९. टेक्सासमधील ह्यूस्टन येथे वॉल्टर विल्यम्स या वृद्धाचे निधन झाले. त्यांचे वय ११७ वर्षे सांगितले जात होते. अमेरिकन यादवी युद्धाचा (१८६१–६५) अखेरचा सैनिक गेला म्हणून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवण्याचा आदेश दिला. मात्र हे गृहस्थ त्या युद्धात खरोखर होते का, हा प्रश्न त्यांच्या हयातीतच उपस्थित झाला होता.

२/१०
विल्यम्स यांच्या सांगण्यानुसार त्यांचा जन्म १८४२ चा. दक्षिणेच्या फौजेत, हूडच्या टेक्सास ब्रिगेडमध्ये दाणावैरण गोळा करण्याचे काम आपल्याकडे होते, असे ते सांगत. सप्टेंबर १९५९ मध्ये लोवेल ब्रिडवेल या पत्रकाराने जुने दप्तर तपासले. १८६० च्या जनगणनेनुसार विल्यम्स यांचा जन्म १८५४–५५ च्या सुमाराचा ठरत होता. म्हणजे युद्ध संपले तेव्हा ते जेमतेम दहा वर्षांचे होते.

३/१०
तरीही सन्मान टिकला, कारण दावा पूर्णपणे खोडून काढणे अवघड होते. पराभूत दक्षिणेचे लष्करी दप्तर अपुरे होते. त्यामुळे यादीत नाव नाही, एवढ्यावरून कोणी सैनिक नव्हता असे म्हणता येत नसे. तोतयांना नेमकी हीच फट उपयोगी पडली.

४/१०
यामागे केवळ कीर्तीची हाव नव्हती. दक्षिणेच्या माजी सैनिकांना निवृत्तिवेतन देत ती तेथील राज्य सरकारे. टेक्सासने ते १८९९ मध्ये सुरू केले. विल्यम्स यांनी अर्ज केला तो १९३२ मध्ये, महामंदीच्या ऐन काळात. दरमहाची ठरावीक रक्कम तेव्हा एका गरीब कुटुंबाला तारून नेऊ शकत होती.

५/१०
१९९१ मध्ये इतिहासकार विल्यम मार्वेल यांनी दक्षिणेच्या ‘अखेरच्या’ सैनिकांचे दावे जनगणनेच्या नोंदींशी ताडून पाहिले. विल्यम्स आणि व्हर्जिनियाचे जॉन सॅलिंग यांच्यासह अनेक दावे कोसळले. जे टिकले त्यांत अलाबामाचे प्लेझंट क्रम्प होते. त्यांचे निधन १९५१ च्या अखेरीस झाले; राष्ट्रीय दुखवटा मात्र विल्यम्स यांच्या वाट्याला आला.

६/१०
उत्तरेच्या बाजूचे अखेरचे सैनिक अल्बर्ट वूलसन १९५६ मध्ये वारले. मिनेसोटाच्या तोफखान्यातील ढोलवादक म्हणून त्यांची सेवा खरी होती. वय मात्र काही वर्षांनी वाढवलेले होते. एकाच माणसाच्या कथनात खरे आणि खोटे शेजारी नांदू शकते. म्हणून प्रत्येक विधान वेगळे तपासावे लागते.

७/१०
व्हिएतनाम युद्धानंतर तपासणीचे काम माजी सैनिकांनीच हाती घेतले. त्या युद्धात सेवा केलेले बी. जी. बर्केट यांनी माहितीच्या अधिकाराखाली सेवानोंदी मागवून अनेक बनावट ‘वीर’ उघडे पाडले. ग्लेना व्हिटली यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘स्टोलन व्हॅलर’ हे पुस्तक १९९८ मध्ये आले आणि हे शब्द पुढे कायद्याच्या नावात रुजले.

८/१०
पण दप्तरही जळते. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील राष्ट्रीय सेवानोंद केंद्राला आग लागली. सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० दरम्यान भूदलातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यांत होत्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. खोटारड्याला ‘माझी फाईल जळाली’ ही सबब मिळाली आणि खऱ्या सैनिकावर संशयाचे सावट आले.

९/१०
कायद्याचीही कसोटी लागली. खोट्या पदकाचा दावा हाच गुन्हा ठरवणारा कायदा २००५ साली मांडला गेला व पुढे संमत झाला. कॅलिफोर्नियाच्या एका पाणीपुरवठा मंडळाचे सदस्य झेवियर अल्वारेझ यांनी सर्वोच्च शौर्यपदक मिळाल्याची थाप मारली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हा कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवला. २०१३ चा नवा कायदा पैसा वा अन्य लाभ उकळण्यासाठी केलेल्या खोटेपणापुरताच आहे.

१०/१०
आगीत नष्ट झालेल्या सेवेचा माग आजही वेतनपावत्या, तुकड्यांचे दैनंदिन हजेरी अहवाल आणि राज्यांच्या नोंदी जुळवून काढला जातो. विल्यम्स यांचा दावाही अशाच आडवाटेच्या कागदाने पाडला. १८६० मध्ये दारोदार फिरणाऱ्या जनगणना कारकुनाला कोणाचे शौर्य तपासायचे नव्हते; त्याने फक्त घरातील मुलांची वये लिहून घेतली. त्याला खोटे लिहिण्याचे कारणच नव्हते, म्हणून त्याची साक्ष शंभर वर्षांनंतर निर्णायक ठरली.