धूळपाटी, कित्ता आणि न वळणारा हात

जुन्या बाडांची चाळणी करितांना सुवाच्य पोथ्या व शिक्क्याचीं पत्रें आपण जपून ठेवतों. परंतु पाठकोऱ्या कागदावर कोणा मुलानें गिरविलेलीं वेडींवांकडीं अक्षरें निरुपयोगी म्हणून रद्दींत टाकतों. मींहि तेंच केलें आहे. तथापि या पानांस ऐतिहासिक साधन म्हणून मोल आहे, आणि आजच्या एका शास्त्राच्या उजेडांत तें विशेष स्पष्ट होतें, असें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम जुन्या लेखनशिक्षणाचा क्रम पाहूं. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले यानें १६२३ सालीं इक्केरीच्या प्रवासांत एका देवळाच्या ओसरीवर कांहीं मुलें पाहिलीं. तीं एका सुरांत पाठ म्हणत बारीक वाळूवर बोटानें अंक लिहीत, आणि जागा भरली कीं पुन्हां वाळू पसरीत. विल्यम ॲडम यानें १८३५ ते १८३८ या काळांत बंगालच्या पाठशाळांविषयीं जे अहवाल दिले, त्यांत लेखनाच्या चार पायऱ्या नोंदल्या आहेत: आधीं जमिनीवर काडीनें, मग ताडपत्रावर, पुढें केळीच्या पानावर आणि शेवटीं कागदावर. ताडपत्रावर गुरु लोखंडी लेखणीनें अक्षर काढून देई व शिष्य कोळशाच्या शाईनें त्यावरून बोरू फिरवी. शाई पुसली कीं तेंच पान पुन्हां गिरवावयास मोकळें. आपल्याकडील धूळपाटी व कित्ता हीं याच कुळांतलीं. मोडी लिहिणारा आधीं ओळ आंखी, मग तिच्याखालीं अक्षरें जोडीत जाई. त्यामुळें ओळ ढळण्याची भीति कमी होई.

समर्थ रामदासांनीं (जन्म १६०८) दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसच दिला आहे. अक्षर वाटोळें, मोकळें व ग्रंथभर सारखें असावें, आणि वार्धक्यांत वाचवणार नाहीं इतकें बारीक नसावें, असा त्याचा आशय. हा लेखकाचा आदर्श झाला. ज्याचा हात तेथवर पोहोंचत नाहीं त्याचें काय करावें, हा प्रश्न निराळा.

त्या प्रश्नास आज व्यवसायोपचार हें शास्त्र हात घालतें. अमेरिकेंत १९१७ सालीं या उपचारकांची संस्था स्थापन झाली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं कमला निंबकर यांनीं या विषयाचें शिक्षण सुरू केलें. येथें व्यवसाय म्हणजे पोटाचा धंदा नव्हे. संस्कृतांत या शब्दाचा अर्थ निश्चयपूर्वक उद्योग असा आहे, तोच येथें अधिक जुळतो. आणि शाळकरी मुलाचा असा एक उद्योग म्हणजे लेखन. ज्या मुलाचें अक्षर लागत नाहीं, त्याची तज्ज्ञ प्रथम परीक्षा करितात: पाय जमिनीस टेकतात कीं नाहीं, खांदा व मनगट स्थिर राहतें कीं नाहीं, लेखणीची चिमट कशी आहे, दाब किती आहे, डोळ्यानें पाहिलेला आकार हातीं उतरतो कीं नाहीं. मग वाळूंतलीं मोठीं अक्षरें, माती मळणें, उतरता फळा, जाड पेन्सिल, ठळक ओळी अशी त्या त्या मुलापुरती योजना होते. मात्र केवळ बोटांच्या कसरतीनें अक्षर सुधारत नाहीं, प्रत्यक्ष लेखनाचा पुरेसा सराव लागतो, असें अलीकडील संशोधनांतून दिसतें. मोठ्या आकाराकडून लहानाकडे, बोटाकडून लेखणीकडे, गिरविण्याकडून स्वतंत्र लेखनाकडे, ही वाट दोहोंकडे दिसते.

परंतु एवढ्या साम्यावरून जुनें तें सर्व निर्दोष होतें असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जुन्या पद्धतींत क्रम होता, परीक्षा नव्हती. हात वळला नाहीं तर कारण आळस, आणि उपाय छडी. ही गोष्ट फार दूरच्या काळाची नाहीं. माझ्या वर्गांतील एक मुलगा शब्दरूपें बिनचूक म्हणे. वहींत मात्र जोडाक्षरें एकमेकांवर चढत व शिरोरेषा तुटे. मीं त्यास एकच पान दहा वेळां लिहावयास लावीत असें. दहावें पान पहिल्याहून वाईट येई. त्याचा हात थकत होता. मी त्यास हट्ट समजलों. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला व तींत लेखनाची अडचणहि मोडते. पण तोंवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

म्हणून संग्राहकांस विनंती कीं, गिरविलेलें पान हातीं आल्यास गुरूची ओळ कोणती, शिष्याची कोणती, शाई कोठें दाटली, कोणत्या अक्षराशीं हात अडखळला, याची टिपणी करून तें ठेवावें. त्यावरून गतकाळच्या मुलास व्याधीचें नांव देतां येणार नाहीं, देऊंहि नये. परंतु सुंदर अक्षराचा इतिहास पोथ्यांत आहे, तसा कष्टानें काढलेल्या अक्षराचा इतिहास या पानांतच आहे. माझ्या संग्रहांतील अशीं दोन पानें रद्दींतून परत काढून मीं वेगळ्या रुमालांत बांधलीं आहेत.