नावाची शेपटी

संगणकांच्या देखभालीत माझं आयुष्य गेलं. ‘लोक काहीही उघडतात’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आणि दर वेळी मला राग आला. ४ मे २००० च्या गुरुवारी काय घडलं ते नीट पाहिलं, तर दोष उघडणाऱ्याच्या माथी मारवत नाही.

त्या दिवशी मनिलाहून एक मेल निघाली. विषय ‘आय लव्ह यू’, सोबत ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’ नावाची फाइल. खरी ओळख शेवटच्या तीन अक्षरांत होती: व्हीबीएस, म्हणजे विंडोज थेट चालवते असा प्रोग्राम. पण विंडोज ९५ पासून ओळखीच्या फाइलींची ही शेपटी आपणहून लपवली जात होती. त्यामुळे अनेकांना दिसली ती फक्त ‘टीएक्सटी’, साधा मजकूर. चिन्हही कागदाच्या गुंडाळीसारखं. शिवाय पाठवणारा ओळखीचा, कारण तो प्रोग्राम आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःला पाठवत होता. वर्षभर आधीचा ‘मेलिसा’ हा मेलमधूनच पसरणारा विषाणू पहिल्या पन्नास पत्त्यांवर थांबायचा. हा थांबत नव्हता. वाटेत तो जेपीजी चित्रांवर स्वतःची प्रत लिहायचा. घरचे फोटो त्यात कायमचे गेले. ब्रिटनच्या संसदेला त्या दिवशी मेलसेवा बंद करावी लागली.

लिहिणारा होता ओनेल दे गुझमान, मनिलातल्या एएमए कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी. पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रामवरचा त्याचा प्रबंध कॉलेजने नाकारला होता. फिलिपिन्समध्ये या गुन्ह्याला लागू पडेल असा कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. तिथला ई-कॉमर्स कायदा जूनमध्ये आला, पण मागच्या कृत्याला तो लावता येईना. (आपला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासूनचा.)

जूनमध्येच मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी सुधारणा दिली: अशा फाइली मेलमधून उघडताच येणार नाहीत. ती सगळ्यांनी बसवली नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये टेनिसपटू ॲना कुर्निकोवाच्या फोटोचं सोंग घेऊन ‘जेपीजी.व्हीबीएस’ फिरली, ती याच फटीतून. पुढे युनिकोडमधल्या एका अदृश्य चिन्हाने नावातली अक्षरं उलटी दाखवण्याची युक्ती आली. मग शेपटी दिसत असूनही खोटी दिसू लागली.

विंडोज ११ मध्येही ती शेपटी मुळात लपलेलीच येते. हा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. माझ्या हाती आलेल्या प्रत्येक नव्या संगणकात मी आधी ते लपवणं बंद करतो, मगच तो माणसाच्या ताब्यात देतो.