म्हाइंभट

म्हाइंभट : (तेरावे शतक). मराठीतील आद्य गद्यचरित्रकार; ‘लीळाचरित्र’ आणि ‘गोविंदप्रभुचरित्र’ (ऋद्धिपूरलीळा) या महानुभाव ग्रंथांचे कर्ते. मूळचे सराळे गावचे. लेखन झाले ते मात्र वऱ्हाडात, आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेल्या रिद्धपुरात.

म्हाइंभट शास्त्रात निष्णात होते आणि विद्वत्तेचा ताठाही बाळगून होते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांना वादात हरवायला म्हणून गेले आणि त्यांचे अनुयायी होऊन बसले. चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर शिष्यमंडळी रिद्धपुरात त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिली. शिष्यांतले प्रमुख नागदेवाचार्य (भटोबास) मनाशी चक्रधरांच्या आठवणी घोळवत असत. त्या लिहून ठेवाव्यात, हे म्हाइंभटांना सुचले. भटोबासांचा होकार मिळाला आणि वाजेश्वरी या स्थानी लेखन सुरू झाले. ‘लीळाचरित्रा’चा काळ इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानतात, म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’च्याही आधीचा.

म्हाइंभटांचे खरे मोठेपण त्यांच्या पद्धतीत आहे. जी लीळा, म्हणजे चक्रधरांच्या आयुष्यातला जो प्रसंग, ज्याच्या समोर घडली, त्याला गाठायचे, त्याच्याच तोंडून ती ऐकायची, भटोबासांना विचारून पारखायची आणि मगच लिहायची. भर आपल्या पदरची घालायची नाही, हा शिरस्ता. लीळेची मांडणीही साधी: अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक माणूस आला, असे म्हणाला, त्यावर उत्तर मिळाले आणि लीळा संपली. वाक्ये तुटक, क्रियापदांवर चालणारी. अलंकार जवळजवळ नाहीत. ज्या काळात पांडित्य म्हणजे संस्कृत, त्या काळात एका शास्त्र्याने इतके साधे लिहावे, हे सोपे काम नव्हे.

‘एकांक’, ‘पूर्वार्ध’ व ‘उत्तरार्ध’ असे ‘लीळाचरित्रा’चे तीन भाग आहेत. ‘एकांका’त चक्रधरांच्या एकट्याच्या भटकंतीचा काळ येतो. त्याला साक्षीदार नव्हते, त्यामुळे हा भाग चक्रधरांनी स्वतः भक्तांना सांगितलेल्या आठवणींवर उभा आहे. त्यातली सशाची लीळा प्रसिद्ध आहे. शिकारी कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली येऊन दडतो. मागोमाग शिकारी येतात आणि ससा मागतात. शरण आलेला जीव देता येत नाही, असे उत्तर मिळते. शेवटी ससा आपल्या वाटेने निघून जातो. आजच्या कुठल्याही संपादकाला यातला एक शब्द कापता येणार नाही. म्हाइंभटांना कोशांतून चरित्रकार म्हणतात ते बरोबरच. पण मराठी लघुकथेची वंशावळ मांडणाऱ्याने त्यांना वगळू नये. चक्रधरांचे दृष्टान्त महानुभाव ग्रंथकार केसोबास यांनी पुढे ‘दृष्टान्तपाठा’त वेगळे काढले. आंधळ्यांनी हत्ती चाचपण्याचा दृष्टान्त त्यातलाच.

गोविंदप्रभूंच्या निधनानंतर, १२८८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी त्यांचे चरित्र लिहिले. कुणाच्याही घरात शिरून जातपात न पाहता खाणारा, लहान मुलासारखा खेळणारा हा वेडापिसा अवलिया आणि त्याच्याभोवतीचे गाव त्यात दिसते. तेराव्या शतकातल्या वऱ्हाडी गावातले घर, बाजार, देऊळ पाहायचे तर याहून चांगले पुस्तक नाही. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत हरवली. मग हिराइसा, परशरामबास आदी महानुभावांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. आठवणी जुळल्या नाहीत तिथे दोन्ही पाठ ठेवले. अशा पाठभेदाला महानुभाव ‘वासना’ म्हणतात. पुढे पोथ्या सकळ लिपी या सांकेतिक लिपीच्या कुलुपात गेल्या. ते कुलूप उघडले विसाव्या शतकात. ह. ना. नेने यांनी संपादनाची वाट पाडली. पुढे वि. भि. कोलते या वऱ्हाडच्याच अभ्यासकाने सिद्ध केलेली प्रत १९७८ मध्ये निघाली.

तोंडी कथा कागदावर आणणारे लेखक जगभर आहेत. सेनेगलचे बिरागो दिओप हे पेशाने पशुवैद्य. अमादू कुंबा या कथेकऱ्याच्या नावाने त्यांनी १९४७ मध्ये कथासंग्रह काढला आणि पुढे १९६४ मध्ये आफ्रिकी साहित्याचा मानाचा फ्रेंच पुरस्कार मिळवला. दिओप ऐकलेल्या गोष्टीला स्वतःच्या शैलीचा साज चढवतात. म्हाइंभट साजच उतरवून ठेवतात.

रिद्धपुरात २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. वाजेश्वरीचे स्थान त्याच गावात आहे.